मागच्या सिझरला मॉनिटरवर पल्स ३८ दिसली होती, आता परत कमरेतलं इंजेक्शन घ्यायचं का?

चाफ्याची_फांदी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मला ३३ वा आठवडा चालू आहे, दुसरी वेळ. पहिली मुलगी ४ वर्षांची. तेव्हा १४ तास कळा देऊनही पिशवीचं तोंड उघडेना म्हणून शेवटी सिझर केलं होतं. भूल म्हणजे कमरेत इंजेक्शन (स्पायनल), बसवून, वाकवून, "हलू नका हलू नका" करत जे देतात ते. इंजेक्शनचं काहीच वाटलं नाही खरं तर, मुंगी चावल्यासारखं. मग पटकन आडवं केलं, पाय गरम झाले, जड झाले, आणि दोन-तीन मिनिटांत मला एकापाठोपाठ एक जांभया यायला लागल्या. मग इतकी मळमळ की विचारू नका, सगळ्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांबून यायला लागले. मी म्हटलं डॉक्टर मला कसंतरी होतंय, त्यांनी "हो हो बीपी उतरलंय, देतो औषध" म्हणून सलाईनमधून काहीतरी दिलं, परत एकदा दिलं. मळमळ थांबली, डोळ्यासमोरचं स्वच्छ झालं. मी म्हटलं चला सुटले, आणि तेवढ्यात मॉनिटरचं ते टुंग टुंग टुंग एकदम हळू झालं. टुंग……… टुंग……… असं. मान वळवून बघितलं तर हिरव्या अक्षरात ३८. अजून आठवतं. मग अलार्म वाजला, कोणीतरी "ॲट्रोपिन" म्हणालं, धावपळ झाली आणि मिनिटाभरात छाती अशी धडधडायला लागली की बरगड्या मोजता याव्यात, घशाला कोरड पडली ती संध्याकाळपर्यंत. मुलगी मात्र त्यानंतर पाच मिनिटांत आली, लगेच रडली, सगळं छान.

डिस्चार्ज कार्डवर एवढंच लिहिलंय, "इन्ट्राऑप ब्रॅडीकार्डिया, मॅनेज्ड", म्हणजे ऑपरेशनमध्ये पल्स उतरली, सांभाळली. तेव्हा विचारलं तर "होतं असं कधीकधी" म्हणाले आणि विषय संपला. मीही बाळाच्या नादात विसरून गेले.

आता दुसऱ्या वेळी सगळं वर आलंय. चुलत दिराने (स्वतः औषध कंपनीत एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी आहे) सांगितलं की ३८ म्हणजे हार्ट ब्लॉक असणार, पेसमेकरची तयारी ठेवून सिझर करा. सासूबाई म्हणतात पूर्ण भूल घे, झोपून उठलीस की बाळ हातात, कशाला ती कटकट. गुगल केलं आणि "स्पायनलमध्ये हृदय बंद पडणे" असं काय काय वाचून दोन रात्री झोपले नाही. त्यात हल्ली रात्री डाव्या कुशीवर झोपलं की मधेच एखादा ठोका चुकल्यासारखं होतं, धप्प असं.

तशी मी धडधाकट आहे, लग्नाआधी दोनदा सातारची हिल मॅरेथॉन पळलेय, शुगर बीपी थायरॉइड काही नाही. एचबी १०.१ आहे, गोळ्या चालू आहेत. माझ्या हार्टमध्ये खरंच काही असेल का? आणि यावेळी पूर्ण भूल मागू का? हॉस्पिटलही यावेळी दुसरं आहे कारण आम्ही घर बदललं.

ओटीवाली_मावशी

अगं आधी ते गुगल बंद कर बघू. मी २८ वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर होते, आता रिटायर होऊन कोल्हापुरात नातवंडं सांभाळते. किती सिझर बघितली त्याचा हिशोब नाही. पल्स ५० च्या खाली जाणं हे रोज नाही पण महिन्यात दोन-चार वेळा तरी बघायचोच, आणि पल्स वाढवायच्या ॲट्रोपिनची सिरिंज भरून ट्रेमध्ये तयार असायची, नाव घालून, टेप लावून. तुझ्या वेळी धावपळ वाटली तुला, ती धावपळ नव्हे बाळा, ते आमचं नेहमीचं काम असतं. आडवं पडलेल्या माणसाला सगळंच पळताना दिसतं.

तू जांभयांचं लिहिलंस ते अगदी बरोबर लिहिलंस. बीपी उतरतंय हे मशीनच्या आधी बाई सांगते. जांभई, मग मळमळ, मग ओठ पांढरे. मशीनचा पट्टा फुगून आकडा यायला अर्धा मिनिट लागतो. तेव्हा यावेळी जांभई आली की लाजू नको, लगेच म्हण "जांभया येतायत". आमचे एक जुने भूलतज्ज्ञ सर होते ते प्रत्येक बाईला आधीच सांगायचे, काही वेगळं वाटलं तर मला सांग, मी तुझ्या डोक्याशीच बसलोय.

अजून एक. सिझरमध्ये थंडी वाजून जी हुडहुडी भरते ना, दात वाजतात, तेव्हा ईसीजीची रेघ अशी वेडीवाकडी होते की नवीन पोरगी असली तर किंचाळते, हार्टला काहीतरी झालं म्हणून. काही झालेलं नसतं, छातीचे स्नायू थरथरतात ते दिसतं. अशा वेळी बोटाच्या क्लिपची लाट बघायची, ती शांत चालली असली की हृदयही शांत चाललंय. हे सांगते कारण तू मान वळवून मॉनिटर बघणारी दिसतेस!

उजव्या कुल्ल्याखाली उशी ठेवली होती का तुझ्या? मागच्या वेळी?

चाफ्याची_फांदी

मावशी, वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं. उशीचं आठवत नाही हो, काहीतरी घुसवल्यासारखं वाटलं होतं पण कंबर बधिर होती.

सरळमार्गी

माझं स्पष्ट मत. हे सगळं इंजेक्शनमुळेच होतं ना, मग इंजेक्शनच नको. नॉर्मलचा आग्रह धरा. आमच्या आजीची ८ बाळंतपणं घरात झाली, कसली भूल आणि कसला मॉनिटर.

खानदेशी_तडका

@सरळमार्गी आजीच्या ८ पैकी किती जगली तेही लिहा की राव.

भुलोबा

धागा बघून राहवलं नाही, रोजीरोटीच आहे ही माझी. १९ वर्षं भूल देतोय, त्यातली बरीचशी सिझरनाच. मात्र मी तुमचा भूलतज्ज्ञ नाही, तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे समजून घेण्यापुरतं वाचा आणि ठरवायचं ते तुमच्या डॉक्टरांबरोबर.

ताई, कमरेत जे देतात ते बुपिव्हाकेन, दोन मिलीच्या आसपास, साखर मिसळून जड केलेलं, म्हणजे आडवं केल्यावर ते उताराने वर सरकतं. सिझरला ते छातीच्या मध्यापर्यंत चढावंच लागतं, चीर बेंबीखाली असली तरी, कारण पोटाच्या आतलं अस्तर ओढलं की ते वरपर्यंत कळतं. आता गंमत अशी की पाठीच्या कण्यातून निघून हृदयाला "पळ" सांगणाऱ्या ज्या नसा आहेत त्या नेमक्या त्याच पट्ट्यात, छातीच्या वरच्या चार मणक्यांपाशी. औषध तिथवर आलं की त्या थोड्याफार बधिर होतात. "हळू" सांगणारी नस मात्र मेंदूतून थेट मानेतून येते, तिला आमचं औषध पोचत नाही. म्हणजे ॲक्सिलरेटर ढिला आणि ब्रेक शाबूत.

दुसरं, खालच्या अर्ध्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायात साठतं (पाय गरम झाले म्हणालात ना, तेच ते), हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. त्यात नऊ महिन्यांची पिशवी पाठीवर झोपलं की उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेवर बसते, म्हणून मावशींनी उशीचं विचारलं, डावीकडे थोडं कलतं ठेवतात. हृदयात रक्तच कमी भरलं तर ते जोरात पळायला हवं असं आपल्याला वाटतं, आणि बहुतेकदा ते पळतंही, पण काहींमध्ये उलटं होतं, रिकामं हृदय स्वतःच हळू होतं. ही झाली पल्स उतरण्याची एक वाट, आणि हिच्यात बीपी आणि पल्स दोन्ही एकदम खाली जातात. काळजी करायची ती हीच, इथे आम्ही सेकंद मोजतो.

पण पल्स उतरण्याची अजून एक वाट आहे आणि तुमची पोस्ट दोनदा वाचल्यावर मला तीच वाटतेय. तुम्ही लिहिलंय की मळमळ थांबली, डोळ्यासमोरचं स्वच्छ झालं, आणि मग पल्स ३८ झाली. म्हणजे ३८ असताना तुम्हाला बरं वाटत होतं! बीपी वाढवायला हल्ली सिझरमध्ये सगळ्यात जास्त फेनिलएफ्रिन वापरतात. ते सैल झालेल्या रक्तवाहिन्या आवळतं, बीपी वर येतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत बीपी जोखणारी जागा असते, तिला वाटतं अरे बीपी तर भरपूर झालं, ती हृदयाला सांगते हळू हो. पल्स उतरते. हा हृदयाचा आजार नाही, उलट हृदय सांगितलेलं ऐकतंय. आणि जे लोक लांब पळतात त्यांची ती ब्रेकची नस मुळातच दणकट असते, बसल्या जागी पल्स ६० च्या खाली असणाऱ्यांना स्पायनलमध्ये हे जास्त होतं हे आम्हाला माहीत असतं. तुम्ही हिल मॅरेथॉनचं "धडधाकट आहे" म्हणून सांगितलंत, मला तो दुवा वाटला.

फेनिलएफ्रिनच्या आधी एफेड्रिन वापरायचे, आपल्याकडे मेफेन्टरमिन अजूनही भरपूर चालतं. त्यांनी पल्स उतरत नाही, वाढते. एफेड्रिन मात्र वारेतून बाळाकडे जातं आणि जास्त दिलं तर बाळाच्या रक्तात आम्ल वाढतं म्हणून ते मागे पडलं. प्रत्येकाचा काहीतरी खर्च असतो.

पण हा सगळा माझा अंदाज. खात्री एकाच कागदावर आहे, तो म्हणजे तुमचा अनेस्थेशिया चार्ट. डिस्चार्ज कार्ड नव्हे. भूलतज्ज्ञ दर काही मिनिटांनी पल्स, बीपी, दिलेलं औषध असं भरत जातो तो तक्ता. ३८ च्या घरात बीपी किती होतं आणि त्याच्या आधीच्या घरात कुठलं औषध दिलं होतं एवढंच बघायचं. बीपी ७० होतं की १३०, यावर सगळी गोष्ट फिरते. जुन्या हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, पेशंटला रेकॉर्ड ७२ तासांत द्यावं असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. गोची अशी की त्याच नियमात जपून ठेवायची सक्ती ३ वर्षांचीच आहे आणि तुमची ४ झालीत. तरी मागा, बहुतेक ठिकाणी माळ्यावर असतं.

पूर्ण भूल सोपी असा सासूबाईंचाच नाही, बऱ्याच जणांचा समज असतो. गरोदरपणात घशाला सूज असते, श्वासनळीत नळी घालणं अवघड जाऊ शकतं, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायचा धोका असतो, आणि बाळालाही थोडी गुंगी पोचते. तिची वेळ येते तेव्हा आम्ही ती देतोच, पण जुनी पल्स ३८ हे एवढंच तिचं कारण होऊ शकत नाही.

@सरळमार्गी, आधीच्या सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं, पण ते टाके, बाळाचं वजन, पहिलं सिझर का झालं आणि हाताशी २४ तास ओटी आहे का यावर ठरतं. स्पायनल टाळायला म्हणून नव्हे.

धप्प होणाऱ्या ठोक्याचं बघून घ्या. गरोदरपणात रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, असे जादा ठोके खूप जणींना येतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात, पण एक साधा ईसीजी, टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायला काय हरकत आहे. एचबी पण वाढवा. कधी चक्कर येऊन पडलात का? झोपल्यावर दम लागतो? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? यातलं एकाचंही उत्तर हो असेल तर मात्र सिझरच्या तारखेची वाट न बघता आधी हार्टवाल्यांकडे.

विदर्भकन्या

मी उलट्या टोकाची. माझी पल्स १९२ झाली होती टेबलवर.

लिहावं की नाही असं वाटत होतं कारण धागाकर्ती घाबरलेली आहे, पण ताई तुझं माझं वेगळं आहे, आणि माझ्यासारखी कोणी वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते. मला कॉलेजपासून अधूनमधून छातीत धडधड व्हायची. बटण दाबल्यासारखी सुरू, दहा-पंधरा मिनिटं, बटण दाबल्यासारखी बंद. घरचे म्हणायचे टेन्शन घेते पोरगी. गरोदरपणात ते वाढलं, आठवड्यातून एकदा. मी सांगितलंच नाही डॉक्टरला, म्हटलं उगीच आयसीयू वगैरे काढतील, मोठ्या हॉस्पिटलला पाठवतील, खर्च वाढेल. मूर्खपणा.

सिझर स्पायनलमध्येच. बाळ बाहेर आलं, बाईसाहेब रडल्या, माझ्या गालाला लावल्या, त्याच वेळी पिशवी आकसायला ऑक्सिटोसिन दिलं आणि माझं ते बटण दाबलं गेलं. पल्स १९२. पहिल्यांदा मला वाटलं आनंदाने होतंय! मग श्वास पुरेना. भूलवाल्या मॅडम अगदी शांत. त्यांनी रिकामी सिरिंज दिली तोंडात, म्हणाल्या दट्ट्या मागे सरकेपर्यंत फुंक. पण अर्धं अंग बधिर, पोटात जोर कुठून आणणार, फुस्स झालं. मग म्हणाल्या आता एक औषध देते, पाच-दहा सेकंद फार वाईट वाटेल, लिफ्ट तुटल्यासारखं, पण ते जाईल, माझा हात धर. ॲडेनोसिन ६ दिलं, मागून लगेच सलाईनचा फवारा. काही नाही झालं. मग १२ दिलं. त्याचं वर्णन मी करू शकत नाही. मरण आलं असं वाटलं आणि मॉनिटरवर रेघ सपाट, एक, दोन, तीन… आणि मग टुक टुक टुक ९६. मॅडमनी आधी सांगितलं नसतं तर मी त्या रेघेनेच मेले असते.

बाळाला दूध पाजायला काही अडचण नाही म्हणाल्या, ते औषध रक्तात काही सेकंदच टिकतं. नंतर वर्षभराने नागपुरातच ॲब्लेशन करून घेतलं, मांडीच्या शिरेतून तारा घालून ती जादा वायरिंग जाळून टाकतात. आता तीन वर्षं झाली, एकदाही नाही.

तर बायांनो, बटण दाबल्यासारखी धडधड होत असेल तर सांगा. मॅडम नंतर म्हणाल्या की आधी माहीत असतं तर ऑक्सिटोसिन अजून सावकाश दिलं असतं आणि ॲडेनोसिन आधीच काढून ठेवलं असतं, ती पाच मिनिटं वाचली असती.

ओटीवाली_मावशी

अगदी. आमच्या सुरुवातीच्या काळात ऑक्सिटोसिनचे १० युनिट सरळ शिरेत ढकलायचे, बाई म्हणायची छातीत कसंतरी झालं, आणि खरंच बीपी खाली, पल्स वर. पुढे पुढे सगळं सलाईनमधून थेंब थेंब झालं.

भुलोबा

हो, आणि त्याला कारणही घडलं. इंग्लंडमध्ये मातामृत्यूंची गोपनीय चौकशी करतात, त्यात १९९७ ते १९९९ च्या अहवालात हा १० युनिटचा झटका ठळकपणे आला आणि मग डोस आधी ५ वर, पुढे अजून खाली आले. आता मी १ ते ३ युनिट सावकाश देतो आणि पुढचं पंपावर.

@विदर्भकन्या, तुमच्या मॅडमना नमस्कार सांगा. औषध द्यायच्या आधी पेशंटला सांगणं हे निम्मं औषध असतं. त्या ॲडेनोसिनने काम झालं नसतं तर हलका शॉक देतात, तोही गरोदरपणात चालतो.

खानदेशी_तडका

डॉक्टर साहेब, माझ्या वहिनीला लहानपणी सांधेताप होऊन वॉल्व्ह आकसलेला आहे, ७ वा महिना, आमच्या तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर म्हणतात इथेच कमरेत इंजेक्शन देऊन सिझर करू. चालेल का?

भुलोबा

नाही. हे मी एरवी इतकं सरळ लिहित नाही. वॉल्व्ह किती आकसलाय हे इकोवर कळेल, पण आकसलेल्या वॉल्व्हला बीपी धाडकन उतरणं आणि पल्स वाढणं दोन्ही सोसत नाही. एकदम दिलेल्या स्पायनलने पहिलं होतं आणि ऑक्सिटोसिनच्या झटक्याने दोन्ही. अशा बाईला एपिड्युरलची बारीक नळी पाठीत घालून थोडं थोडं औषध देत, किंवा विचारपूर्वक दुसऱ्या पद्धतीने करतात, आणि जिथे हार्टवाले आणि आयसीयू आहे तिथेच. ७ वा महिना आहे, वेळ आहे, या आठवड्यात मेडिकल कॉलेजला घेऊन जा. आठव्यात रक्ताचा ताण अजून वाढलेला असतो. आधीचा इको रिपोर्ट आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनचं कार्ड असेल तर बरोबर न्या.

खानदेशी_तडका

धन्यवाद साहेब. भावाला फोन लावतोय आत्ता.

सरळमार्गी

बरं. मी आजीबद्दल विचारलं आईला. ८ पैकी ५. मला माहीत नव्हतं.

चाफ्याची_फांदी

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा.

आधी ईसीजी आणि इको, दोन्ही नॉर्मल. ईसीजीत दोन जादा ठोके सापडले, फिजिशियन म्हणाले असू देत. मग जुन्या हॉस्पिटलचा चार्ट. तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा "सर बाहेर आहेत", दुसऱ्यांदा "चार वर्षांपूर्वीचं कुठे असतं मॅडम", तिसऱ्यांदा नवरा ७२ तासांचा तो नियम छापून घेऊन गेला तेव्हा एका मामांनी जिन्याखालच्या कपाटातून फाईल काढली, वर उंदराने कोपरा खाल्लेला! चार्ट मात्र पूर्ण.

भुलोबा, तुमचा अंदाज खरा निघाला. ११:०५ ला स्पायनल. ११:०८ ला बीपी ७८/४२, पल्स १०४, म्हणजे जांभयांची वेळ. पुढे फेनिलएफ्रिन १००, लगेच परत १००. ११:११ ला बीपी १३६/८२ आणि पल्स ३८. मग ॲट्रोपिन ०.६, पल्स १२६. ११:१७ ला "फीमेल बेबी, क्राइड इमिजिएटली". चार वर्षं ज्या आकड्याला घाबरले त्याच्या शेजारच्या घरात १३६ लिहिलं होतं आणि मला कोणी दाखवलंच नव्हतं.

भुलोबा

वा. पुस्तकात छापावा असा चार्ट आहे. पळणाऱ्या बाईची ब्रेकची नस, त्यात पाठोपाठ दोन डोस. तिथल्या डॉक्टरांना नावं ठेवायचं कारण नाही, ७८ बघून मीही हात आखडता घेतला नसता. बीपी १३६ असताना आम्ही कधीकधी फेनिलएफ्रिन थांबवून मिनिटभर नुसतं बघतो, ॲट्रोपिनने बीपी अजून वर उडू शकतं म्हणून, पण ३८ बघून मिनिटभर गप्प बसायला छाती लागते. नवीन भूलतज्ज्ञांना हा फोटो दाखवा, सिझरच्या सकाळी नाही, आधी भेट घेऊन. ते कदाचित एकदम डोस न देता पंपावर सावकाश चालवतील. आणि सहा तास आधी जेवण बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं असं आमच्याकडे सांगतो, तुमच्याकडचं विचारून घ्या.

चाफ्याची_फांदी

शेवटचं अपडेट, एका हाताने टाईप करतेय.

मुलगा. २ किलो ९००. स्पायनलच घेतलं. नवीन मॅडमना चार्ट आठवडाभर आधी दाखवला होता, त्यांनी बघून पहिला प्रश्न विचारला "पळता का तुम्ही?" आणि मला हसूच आलं. उजवीकडे उशी लावली ती मी हाताने चाचपून बघितली मावशी. औषध पंपावर लावलेलं. एकदा जांभई आली, मी लगेच ओरडले "जांभई!", सर्जन दचकले, मॅडमनी पंप थोडा वाढवला, गेली. सगळ्यात कमी पल्स ५७ झाली. मॅडम म्हणाल्या ही तुमची घरची पल्स आहे, राहू दे तिला. हुडहुडी मात्र अशी भरली की मॉनिटरवर सह्याद्रीची रांग दिसत होती, पण मला माहीत होतं म्हणून मी क्लिपची लाट बघत बसले.

यावेळी चार्टचा फोटो डिस्चार्जच्या आधीच काढून घेतलाय. @खानदेशी_तडका, वहिनीचं काय झालं ते लिहा. पिल्लू उठलं, पळते.

खानदेशी_तडका

ॲडमिट आहे मेडिकल कॉलेजला. वॉल्व्ह फुग्याने मोठा केला परवा. डिलिव्हरीला अजून पाच आठवडे आहेत, आता उताणी झोपली तरी दम लागत नाही म्हणते.